वाळवंटातील प्रत्युत्तरे

मोहाच्या प्रतिकाराचा ख्रिस्ती परंपरेतील आदर्श वाळवंटात घडलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान येशूपुढे भाकरी, चमत्कार आणि राज्यवैभव अशी तीन आमिषे ठेवतो. तिन्ही वेळा त्याला उत्तर मिळते ते ‘अनुवाद’ या ग्रंथातील वचनाने. परंतु दुसऱ्या खेपेस सैतानही एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचाच आधार घेतो, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. शास्त्रवचन मोहाच्या बाजूनेही बोलू शकते. म्हणजे नुसते पाठांतर पुरेसे नाही. कोणत्या मोहाला कोणते वचन लागू पडते, याचा विवेक हवा. चौथ्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तमध्ये या विवेकावर एक स्वतंत्र ग्रंथ रचला गेला. त्याचे नाव ‘अँटिरेटिकोस’, म्हणजे प्रत्युत्तराचा ग्रंथ. कर्ता पोन्तसचा इव्हाग्रिअस.

इव्हाग्रिअसचा जन्म इ. स. ३४५ च्या सुमाराचा. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे धर्मपरिषद भरली, तेव्हा हा विद्वान आणि वादपटू धर्मसेवक त्या नगरीत नावारूपाला येत होता. त्याचा शिष्य पॅलेडिअस याने लिहून ठेवले आहे की, तेथेच एका प्रतिष्ठित विवाहित स्त्रीविषयीच्या आसक्तीने त्याला ग्रासले. स्वप्नात शुभवर्तमानावर हात ठेवून घेतलेली शपथ खरी मानून त्याने नगर सोडले व जेरुसलेम गाठले. तेथे पुन्हा वस्त्राभूषणांची ओढ लागली आणि दीर्घ आजार जडला. अखेर मेलानिया या तपस्विनीला दिलेल्या वचनानुसार तो ईजिप्तच्या वाळवंटात गेला. प्रथम निट्रिया व पुढे केलिया येथे राहिला आणि ग्रंथांच्या नकला करून उदरनिर्वाह करू लागला. ३९९ साली त्याचा मृत्यू झाला. मोहाविषयी त्याने जे लिहिले त्यामागे पराभवाचा असा स्वानुभव आहे.

‘अँटिरेटिकोस’चे आठ भाग आहेत: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा उबग, कीर्तिलालसा आणि गर्व. प्रत्येक भागात आधी मनात येणारा विशिष्ट विचार नोंदविलेला असून त्याच्यापुढे प्रत्युत्तरादाखल शास्त्रवचन दिले आहे. एकूण नोंदी जवळजवळ पाचशे. त्यांचा क्रम बायबलमधील ग्रंथांच्या क्रमाप्रमाणे. या खटाटोपाचे कारण प्रस्तावनेत सांगितले आहे. वचने शास्त्रात विखुरलेली असतात आणि झुंजीच्या क्षणी नेमके वचन आठवत नाही. म्हणून ती आधीच वेचून हाताशी ठेवावयाची. सगळीच वचने सैतानाला उद्देशून नाहीत. काही स्वतःच्या जीवाला समजावतात, काही ईश्वराला साकडे घालतात.

हा ग्रंथ केवळ वचनकोश ठरत नाही, याचे श्रेय इव्हाग्रिअसच्या निरीक्षणाला आहे. त्याच्या लेखी मोह क्वचितच उघड पापाच्या रूपाने येतो. बहुधा तो शहाणपणाचा आव आणतो. ‘प्राक्तिकोस’ या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात खादाडपणा पक्वान्नांची नावे घेत नाही. तो पोट, यकृत व प्लीहा बिघडतील, जवळ वैद्यही नाही, अशी काळजी घालतो. धनलोभ लांबलेले म्हातारपण, थकलेले हात आणि दुष्काळ यांची भीती दाखवितो. भर दुपारी येणारा उबग तर सूर्यच थांबला आहे असे भासवितो. दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर खिडकीकडे वळते, राहते ठिकाण नकोसे होते. यावर तो सुचवितो की जीवाचे दोन भाग करावेत: एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने तो घ्यावा. बेचाळिसाव्या स्तोत्रातील स्वतःच्या खिन्न जीवाशी चाललेला संवाद त्याच्यापुढे आदर्श म्हणून आहे.

मराठी वाचकाला येथे षड्रिपूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. काम, क्रोध, लोभ आणि मद यांची स्थाने दोन्हीकडे ओळखू येतात. भेद अधिक बोलका आहे. इव्हाग्रिअसच्या आठांत मत्सर नाही. षड्रिपूंत खिन्नता आणि उबग नाहीत. एकान्तात बसलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या उत्कर्षापेक्षा स्वतःच्याच दिवसाची लांबी अधिक छळते, असे यावरून म्हणता येईल. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने या यादीची फेरमांडणी केली, तेव्हा तीत मत्सराला स्थान मिळाले.

ही आठांची यादी पश्चिमेकडे नेली ती जॉन कॅसिअन याने. त्याने इव्हाग्रिअसचे नाव घेतले नाही, उपायही बदलला. आपल्या दहाव्या संवादात त्याने सर्व मोहांवर सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीच्या धाव्याचे अखंड स्मरण सांगितले. पाचशे वचनांच्या जागी एकच वचन आले. सामान्य साधकाला ते अधिक सुलभ होते, यात शंका नाही. मात्र प्रत्येक विचाराचा चेहरा न्याहाळण्याची शिस्त त्यात मागे पडली.

इव्हाग्रिअसचे नाव न घेण्यास पुढे आणखी सबळ कारण मिळाले. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या वेळी ओरिजेनच्या मतांबरोबर तोही पाखंडी ठरला. त्याचे काही ग्रीक लेखन निलस याच्या नावावर टिकले. ‘अँटिरेटिकोस’चे ग्रीक मूळ मात्र हरपले. तो ग्रंथ वाचला सुरियानी आणि आर्मेनियन अनुवादांमुळे. सुरियानी ही केरळमधील ख्रिस्ती समाजांच्या उपासनेतून भारतालाही परिचित असलेली भाषा. १९१२ साली फ्रँकेनबर्ग याने सुरियानी संहिता प्रसिद्ध केली. २००९ साली डेव्हिड ब्रॅके यांचा इंग्रजी अनुवाद आला. प्रत्युत्तराचे शास्त्र रचणाऱ्याला स्वतःवरील आरोपाला उत्तर देता आले नाही, कारण त्याच्या मृत्यूला तोवर दीडशे वर्षे उलटली होती. त्याच्या वतीने परभाषांतील लेखनिक नकला करीत राहिले. आणि नकला करणे हाच वाळवंटात त्याचाही व्यवसाय होता.