थोटकाला प्लॅटिनम

डिसेंबर १९३३. पॅरिसच्या ‘मिनोतोर’ या नियतकालिकात एका पानावर सहा फोटो छापून आले. खिशात बोटांनी वळली गेलेली बसच्या तिकिटाची गुंडाळी, साबणाचा उरलेला तुकडा, टूथपेस्टचा ओघळ, पावाचं वेटोळं. फोटो ब्रासाईचे, सोबतचा मजकूर साल्वादोर दालीचा आणि मालिकेचं नाव ‘नकळत घडलेली शिल्पं’. अगदी जवळून आणि तिरप्या उजेडात टिपल्यामुळे तिकिटाची चिमुकली गुंडाळी कोरीव खांबासारखी भव्य दिसते. टाकाऊ वस्तूच्या छायाचित्राची कुळकथा सांगताना हे पान टाळताच येणार नाही.

या कुळाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र न्यूयॉर्कमध्ये, चार दशकांनी. ‘व्होग’च्या फॅशनचित्रांसाठी नावाजलेले आयर्विंग पेन यांनी १९७२ मध्ये रस्त्यावरून वेचलेली सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणली आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर मांडली. कुठे एकच, कुठे जोडी. पायाखाली चिरडलेला कागद, बाहेर आलेली तंबाखू, छापील नावाची उरलेली अक्षरं: काहीही झाकलं नाही, पुसलं नाही.

त्यांचा खरा पराक्रम मात्र अंधाऱ्या खोलीतला. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेली प्लॅटिनम छपाई पहिल्या महायुद्धात धातू महागल्यावर मागे पडली होती. तिच्यात लोहाचे आणि प्लॅटिनमचे क्षार कागदावर हातानं फासावे लागतात आणि चित्राएवढीच निगेटिव्ह त्यावर ठेवून प्रकाश द्यावा लागतो. प्रतिमा वरच्या थरात न राहता कागदाच्या तंतूंत उतरते, म्हणून राखाडीच्या असंख्य छटा मिळतात. पेन एकाच कागदावर पुन्हा पुन्हा लेप देऊन छापत. ओला कागद ताणला की रेषा जुळत नाहीत. म्हणून त्यांनी तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवला. बोटभर थोटूक असं सुमारे दोन फूट उंच झालं. राजघराण्यातल्या माणसालाही क्वचित मिळावी इतकी मेहनत एका थोटकाला मिळाली, आणि या चित्रांचं मोठेपण त्या मेहनतीत आहे.

१९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये यातली चौदा चित्रं लागली. दोन वर्षांनी मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चेपलेले कागदी पेले आणि रस्त्यावरचा इतर केरही भिंतीवर चढला. पुढे इंग्लंडात कीथ आर्नट यांनी उकिरड्यावरचं प्लॅस्टिक आणि उष्टंखरकटं रंगीत छायाचित्रांत आणलं.

या सगळ्यांत कचरा होता, कचऱ्यावर जगणारी माणसं नव्हती. ती आणली ब्राझीलच्या विक मुनीझ यांनी. रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो कचराडेपोतल्या वेचकांचे फोटो त्यांनी काढले; मग त्याच वेचकांच्या हातांनी, डेपोतल्याच भंगारातून, जमिनीवर त्यांची अवाढव्य चित्रं रचून घेतली आणि उंचावरून त्यांचा पुन्हा फोटो काढला. वेचकांचे पुढारी तियाओ सांतोस त्यात चित्रकार दाविदच्या चित्रातल्या मारातसारखे टबमध्ये पहुडलेले दिसतात. हे छायाचित्र लंडनमध्ये लिलावात विकलं गेलं आणि पैसे वेचकांच्या संघटनेला मिळाले.