छंदाचा रेडिओ

आमच्या गटातल्या एका ताईंची सून दर गुरुवारी रात्री मोबाइलवरून स्वतःचा रेडिओ कार्यक्रम करायचा म्हणते. अर्धा तास, इंटरनेटवर, आणि तोही जाझ संगीताचा. बैठकीत विषय निघाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच विचारलं, "यातून मिळणार काय?" ती म्हणाली, "काही नाही. आवड आहे." बचत गटात असं उत्तर कुणी देत नाही. बैठक गप्पच झाली.

मग आम्ही जरा मागचं शोधलं. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड नावाचे गृहस्थ होते. कंपनीतली नोकरी सांभाळून ते घराच्या गॅरेजात बिनतारी यंत्राची खटपट करायचे. १९१९ साली त्यांनी ग्रामोफोनवर तबकडी लावली आणि समोर माइक धरला. ऐकणारे हौशी लोक पत्रं धाडून गाणी मागू लागले. घरातल्या तबकड्या पुरेनात, तेव्हा एका दुकानदाराने त्या उसन्या दिल्या. बोली एवढीच, की दुकानाचं नाव रेडिओवर घ्यायचं! पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीने केडीकेए हे केंद्र काढलं. आपल्या मुंबईतही १९२३ साली पहिलं प्रक्षेपण रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी केलं. सरकारी रेडिओ नंतरचा.

आता जाझ. हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. ट्रम्पेट, क्लॅरिनेट अशी वाद्यं आपण लग्नाच्या बँडमध्ये पाहतोच. चाल ठरलेली असते, पण ती कशी वळवायची हे वाजवणारा जागेवर ठरवतो. जात्यावर बसलेली बाई ओवीत आपलं सुखदुःख घालते, तसंच काहीसं.

आणि हे संगीत आपल्याला परकंही नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकी जाझ वादक येऊन वाजवत. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं; चर्चच्या शाळांत ही मुलं नोटेशन वाचायला आधीच शिकलेली होती. त्यांतलेच चिक चॉकलेट. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासोबत त्यांनी काम केलं, आणि १९५१च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे आपल्या आज्यांनी तंबूत बसून जाझ ऐकलं आहे, नाव माहीत नव्हतं इतकंच.

आपल्या देशात बोलायला परवाना लागतो हे मात्र खरं. एके काळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे. तेलंगणातल्या दलित बायकांनी संघम रेडिओसाठी सगळी तयारी केली, पण परवाना मिळेना. म्हणून वर्षानुवर्षं त्या कॅसेटवर बोलणं भरून गटांच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. २००८ साली त्यांचा आवाज हवेत गेला. इंटरनेटवर तसा लहरींचा परवाना लागत नाही. दुसऱ्याचं गाणं वाजवायला मात्र हक्कदाराची परवानगी लागते, ते आम्ही सूनबाईंना आधीच बजावलं.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माझा नवरा रोज चार तास पत्ते खेळतो. त्याला कुणी विचारलं का, मिळतं काय?"

गटाच्या खोलीची किल्ली आता गुरुवारी तिच्याकडे असते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या आहेत. त्यातल्या दोन आमच्याच.