एका अंड्याचा लिलाव आणि एक पेला

परवा आमच्या गावच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. चार ओळींची बातमी करायला गेलो आणि दीड तास लिलावातच बसलो. ज्वारीचं पोतं, दोन कोंबड्या, एक भोपळा. आणि एका म्हातारीने आणलेलं एकच अंडं. ते शंभराला गेलं. घेणाऱ्याने उचललंच नाही, म्हणाला, "परत लावा." असं पाच वेळा झालं! हे पैसे मंडळीतल्या एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी होते.

मंडळी म्हणजे किती? पस्तीस-चाळीस घरं. त्यातली निम्मी मोलमजुरीवर.

ही एकमेकांना धरून राहण्याची सवय आपोआप आलेली नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. पुढे आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार-मांग समाजातले, ब्राह्मण मोजकेच. ज्या गावात विहिरीवर हात लावायची सोय नाही, तिथे प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं. १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक पाळक झाले. दोघेही जन्माने ब्राह्मण. त्यांच्या हातून भाकर घेणारे आणि त्याच पेल्याला ओठ लावणारे कोण होते, ते डोळ्यासमोर आणा. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही. तेव्हा या एका घोटापायी घरदार सुटायचं, भावकी तुटायची.

आणि आत आल्यावर तरी जात लगेच कुठे सुटते? लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त हे काही न लपवता लिहिलंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. बाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळं आणि पाणी वेगळंच. ते सुटलं, मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना तर पुढे चर्चच्या भिंतीही अपुऱ्या वाटल्या. १९१७ ला त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले.

आजही सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. सोयरीक जमवताना जात हळूच विचारली जाते, हे मंडळीतलेच लोक सांगतात.

आता फीचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे आजोबांना ज्या जातीमुळे पाणी मिळालं नाही, त्याच जातीचा दाखला नातीला मिळत नाही. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागाही नाही. वस्ती तीच, रस्ता तोच, गावाची नजरही तीच. या विषयावर आमच्या तालुक्यातल्या एकाही पुढाऱ्याचं भाषण मी आजवर ऐकलेलं नाही. नाताळच्या शुभेच्छांचे फ्लेक्स मात्र दरवर्षी लागतात.

लिलाव संपल्यावर पाळकांनी हिशेब वाचला. फीला अजून थोडे कमी पडत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ते अंडं अजून आहे का?" अंडं होतं. पुन्हा टेबलावर आलं.