अडीच फुटांची वाट

नागपुरांतील इतवारीहून चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडपर्यंतचा सुमारें १०६ किलोमीटरांचा रेल्वेप्रवास हौशी शहरवासीयास एका दिवसाची मौज वाटे. उमरेड, भिवापूर अशा वाटेवरील गांवांच्या रहिवाशांस मात्र तो बाजाराचा, दवाखान्याचा आणि कचेरीचा रस्ता होता.

बंगाल-नागपूर रेल्वेनें १९०८ सालीं हा मार्ग उघडला. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. अरुंद मार्गास पूल, भराव, डबे, इंजिनें सारेंच लहान लागतें. त्यामुळें खर्च कमी येतो. जंगलपट्टींत रेल्वे शिरली ती या काटकसरीच्या बळावर. नागभीडहून एक फांटा गोंदियाकडे, तर दुसरा १९१३ सालीं चांद्यापर्यंत गेला. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें स्थानक गोंदियाच्या फांट्यावरच आहे.

परंतु ही काटकसर फुकट पडली नाहीं. रुंद मार्गाशीं गांठ पडतांच अरुंद डब्यांतील माल उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. मार्ग बांधतांना जें वाचलें, तें हमालांच्या खांद्यांनीं पुढें वर्षानुवर्षें फेडलें.

गोंदिया-चांदा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुंद झाला. नागभीडची लहान गाडी २०१९ सालीं रुंदीकरणासाठीं थांबली. आतां तशीं इंजिनें नागपूरच्या मोतीबाग येथील, २००२ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तेथें इंजिनांचें कौतुक अवश्य व्हावें. पण ज्या खांद्यांनीं त्यांचें अपुरेपण भरून काढलें, त्यांचीहि आठवण त्या कौतुकांत असावी.