नेम : रोज बसण्याचा इतिहास आणि त्याचं फळ



मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ दाराशी भेटले. चाकणला कंपनीत आहेत, तीन पाळ्यांची नोकरी. म्हणाले, "सर, रोज ध्यान केल्यानं नक्की फायदा काय होतो, ते एकदा सरळ सांगा." प्रश्न सरळच होता, पण दाराशी उभं राहून मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचं व्याख्यान.

आधी एक शब्द बघू. 'ध्यान' हा पोथीतला शब्द. घरातला शब्द 'नेम'. औषध नेमानं घे, असं आपण सहज म्हणतो. निंबरगी-इंचगिरी परंपरेत तर रोजच्या ध्यानालाच 'नेम' म्हणतात. गंमत बघा, इथे साधनेला नाव मिळालं ते तिच्यातून होणाऱ्या लाभावरून नाही, ती रोज करण्यावरून मिळालं.

आपल्या गावातच बघा. मोरया गोसावींचा काळ नक्की कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या वादात आज शिरत नाही. पण परंपरेनं त्यांची कोणती आठवण जपली? चिंचवडहून मोरगावची चतुर्थीची वारी. माघात आणि भाद्रपदात मंगलमूर्तींची पालखी आजही त्या वाटेनं जाते. इथून पुढे देहू. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, घरातली माणसं गेली. त्यानंतर त्यांची एकांताची जागा म्हणून परंपरा भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर दाखवते. भामचंद्राच्या परिसरात आज चाकणची कारखानदारी पोहोचली आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या कामाच्या वाटेवरच हा इतिहास आहे.

आता विसाव्या शतकात येऊ. तीन वर्षांच्या अंतरानं जन्मलेली दोन माणसं समोर ठेवतो.

पहिले जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883. अमळनेरला अध्यापन केलं, नर्मदाकाठच्या माधवदास महाराजांकडे योग शिकले आणि पुढे स्वामी कुवलयानंद झाले. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचा आग्रह एकच, योगाबद्दल जे बोलाल ते मोजून दाखवा. नौली करताना आतड्यात पाणी ओढलं जातं, याला लोक गूढ शक्ती म्हणायचे. त्यांनी दाब मोजला आणि दाखवलं की आत अंशतः निर्वात अवस्था तयार होते, म्हणून पाणी वर चढतं. त्या निर्वाताला त्यांनी गुरूचं नाव दिलं. श्रद्धा गुरूच्या नावात ठेवली, पुरावा मात्र यंत्राकडून घेतला.

दुसरे गुरुदेव रा. द. रानडे, जन्म 1886, जमखंडीचे. शाळकरी वयात, 1901 साली, भाऊसाहेब महाराज उमदीकरांकडून त्यांनी नाम घेतलं. पुढे फर्ग्युसनमध्ये आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं. 1926 साली उपनिषदांवरचा, 1933 साली महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढानुभवावरचा ग्रंथ लिहिला. तरुणपणी मोठं आजारपण आलं, पण नेम सुटला नाही. 1957 साली निंबाळला देह ठेवला. त्यांची कसोटी यंत्राची नव्हती. साधकाचा अनुभव टिकतो का आणि त्याचं आचरण बदलतं का, हे ते बघत.

एकानं बाहेरून मोजलं, एकानं आतून तपासलं. दोघांनीही आयतं काही मान्य केलं नाही, हे महत्त्वाचं.

मोजण्याचं काम पुढे जगभर झालं. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 साली शिथिलीकरणावर पुस्तक लिहिलं. 1979 साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. मग संशोधनाचा पूरच आला. 2014 साली 47 चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा, आणि सुधारणा माफक. झोप, एकाग्रता, वजन यांबाबत पुरावा अपुरा किंवा परिणाम दिसला नाही. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असंही दिसलं नाही. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीतल्याएवढा नाही.

हे मी एवढं का ताणतोय? आमच्या सोसायटीतले एक शेजारी. कंपनीतून निवृत्त झाले आणि एका शिबिराला गेले. तिथे कुणीतरी सांगितलं, आता गोळ्यांची गरज नाही. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांत पक्षाघात झाला. आज त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या पत्नीला समजतं. ध्यानानं त्यांचं नुकसान केलं नाही, ध्यानाच्या नावानं दिलेल्या आश्वासनानं केलं. तेव्हापासून 'फायदे' हा शब्द उच्चारताना मला भीती वाटते.

पतंजलींनी हा धोका ओळखला होता. अभ्यास दृढ कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं केला तर. पुढे सिद्धींचं वर्णन करून ते बजावतात की समाधीच्या वाटेवर याच अडथळे ठरतात. फळाकडे डोळे लावून बसाल तर तुम्ही नेम करत नाही, हिशेब करता.

आता माझं सांगतो. तीस वर्षं मी योगसूत्रं शिकवली आणि त्या काळात एक दिवसही बसलो नाही. पत्नी गेल्यावर पहाटे चारला जाग यायची आणि घर खायला उठायचं. तेव्हा बसायला लागलो, नाइलाजानं. पहिले सहा महिने काहीच झालं नाही. गुडघे दुखायचे, मनात जुनी भांडणं चालायची. दीड-दोन वर्षांनी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही माझं बोलणं पूर्ण होऊ देता." एवढंच. पहाटेची जाग अजून येते, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. पण आता तिचं वाक्य मी मध्येच तोडत नाही. तिची आई हयात असताना हे मला जमायला हवं होतं. ते राहून गेलं.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. मन थोडं शांत होईल, राग आणि उत्तर यांच्यात क्षणभराची जागा सापडेल. हा फायदा बहुधा आधी घरच्यांना कळेल, तुम्हाला नंतर. आजार बरा होईल, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर सोडू नका. आणि पाळी बदलते म्हणून घड्याळाला नेम बांधू नका, अंघोळीला बांधा. अंघोळ झाली की वीस मिनिटं बसायचं, मग ती पहाटे असो की रात्रपाळीहून आल्यावर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, नेहमीइतकंच बसा.

वर्षभरानं पुन्हा भेटा. आणि येताना घरच्यांना बरोबर आणा, फायदा झाला का ते मी त्यांनाच विचारीन.