पिनबॉल : दैव आणि हात

कामगार चळवळीतल्या माणसाने खेळण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हे खेळणे कारखान्यात जन्मले, आणि त्यावर पोलिसांचे घणही पडले.

१९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला. उतरती फळी, तीत ठोकलेले खिळे आणि दट्ट्याने वर मारलेली गोळी. पुढचे सारे दैवाधीन. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांनी ‘कॉन्टॅक्ट’मध्ये विजेचा उपयोग केला. यंत्र हलवणाऱ्याला आवरण्याची युक्तीही त्यांच्याच नावावर आहे. पुढे तिला लंबकाचे रूप आले : धक्का बसताच लंबक कड्याला टेकतो आणि डाव बंद. बाणा तुटताच आपोआप थांबणारा माग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावायला नको.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली हा जुगारच ठरवून यंत्रे फोडली. त्या वेळच्या यंत्रापुरते पाहिले, तर त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु १९४७ साली गॉटलिबच्या कारखान्यात हॅरी मॅब्ज यांनी ‘हम्प्टी डम्प्टी’ला सहा फ्लिपर बसवले. बटण दाबावे आणि गोळी परतवावी! पुढल्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये दोनच ठेवले, पण तळाशी, म्हणजे जिथे गोळी हातची जाते नेमके तिथे. आता दैवाशी हुज्जत घालता येऊ लागली. कायदा मात्र जुन्याच यंत्राला शिक्षा देत राहिला. न्यूयॉर्कची बंदी उठली ती १९७६ साली. आणि ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, तिथेही ती १९७० च्या दशकापर्यंत निषिद्धच होती.

आतला हिशेब तर पाहण्यासारखा. कॉइलने ओढ दिली की आकड्यांचे चाक एक दाता पुढे सरकते. चाक नवावर आले की एक पट्टी जुळते, आणि पुढच्या ठोक्याला दहमाचे चाकही सरकते. आपल्या शाळेतला ‘हातचा एक’ तो हाच. पन्नास गुण मिळाले, तर छोटी मोटर फिरून दहमाच्या चाकाला पाच ठोके देते.

या तारांच्या जुड्या बांधणे, टोकांना डाख लावणे ही कामे हातांनी होत, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मॅब्ज, कॉर्डेक यांची नावे पुस्तकांत आली. एक टाका सुटला तर सारा हिशेब चुकेल, असे काम करणाऱ्या त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली? १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोप्रोसेसर आला. चाके, रिले आणि मोटर गेली, आणि जुड्यांतल्या पुष्कळ तारांचे कामही त्यांच्याबरोबर गेले.