सामता, कार्बन आणि भिवंडी

इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. यंत्र कोणी शोधले, कोणत्या साली शोधले, त्याचे पेटंट कोणाच्या नावे निघाले, याची ते बारकाईने नोंद करतात. तेच यंत्र पहिल्यांदा बंद पडले तेव्हा ते उघडून पुन्हा चालू कोणी केले, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. वास्तविक शोधाचा सोहळा एकदाच होतो. पुढची वीस-पंचवीस वर्षे यंत्र चालते ते दुरुस्तीच्या जोरावर. भिवंडीसारख्या गावात ज्याची हयात गेली त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. हे गावच मुळी दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर उभे राहिले आहे.

आजच्या विवेचनासाठी मी एक लहानसेच हत्यार घेतले आहे: हातात धरून भोके पाडायचे विजेचे ड्रिल. मागाच्या कारखान्यात, सुताराच्या पेटीत, नळवाल्याच्या पिशवीत ते असतेच. त्याची कुळकथा पाहू लागलो की आपण पार आपल्या सुतारापाशी येऊन पोहोचतो.

भोक पाडणे ही माणसाची फार जुनी विद्या. बलुचिस्तानातील मेहरगढच्या उत्खननात सुमारे 7500 ते 9000 वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढा सापडल्या. त्यांत गारगोटीच्या टोकाने फिरवून पाडलेली भोके आहेत. जिवंत माणसाच्या दातात भोक पाडण्याइतका ज्यांचा हात बसला होता, त्यांनी मण्यांत किती भोके पाडली असतील याची कल्पनाच करावी. आपल्या गावगाड्यातील सुताराकडे याच कुळातले हत्यार होते. त्याचे नाव सामता. दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकाने वरची टोपी दाबून धरायची, दुसऱ्याने दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची, म्हणजे दांडा उलटसुलट फिरे आणि खालचे पाते लाकूड कोरीत जाई. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीवर आरमारासाठी जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. फळीला फळी जोडायची तर भोकावाचून गत्यंतर नाही. तेव्हा त्या कामात सामत्याची कुरकुर या काठावर घुमली असणार, असे मानण्यास हरकत नसावी.

त्या सुताराची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बलुत्याच्या पद्धतीत त्याला खळ्यावर जे धान्य मिळे, ते मुख्यतः नांगर, कुळव, पाभर ही औते वर्षभर चालती ठेवण्याबद्दल मिळे. म्हणजे दुरुस्ती ही काही उपकाराची किंवा गरिबीची बाब नव्हती. गावाच्या व्यवस्थेत तिला हक्काचे स्थान होते, आणि तिचा मोबदला पीक निघताच पदरात पडत होता.

आता विजेकडे वळू. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्थर आर्नॉट आणि विल्यम ब्रेन या दोघांनी 1889 मध्ये विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. ते यंत्र खाणकामासाठी होते, हातात मावणारे नव्हते. हातात धरता येईल असे ड्रिल 1895 मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाईन यांच्या कारखान्यात तयार झाले. तेही बोजडच होते. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेले ड्रिल केले. त्याचे पेटंट त्यांना 1917 मध्ये मिळाले. आजही ड्रिलचा आकार तोच आहे. 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर चंद्राच्या पोटात भोक पाडण्यास गेले तेव्हा त्यांच्या हातातील बॅटरीवरचे ड्रिलही याच कंपनीने घडविलेले होते. सामत्याच्या वंशजाची मजल कोठवर गेली पाहा!

परंतु हत्याराची खरी गंमत बाहेरच्या मुठीत नाही, ती आत आहे. ड्रिलमधील मोटारीत एक फिरता गाभा असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात आणि एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे कडे असते, तो कॉम्युटेटर. फिरत्या कड्याला स्थिर तारेतून वीज पोहोचवायची कशी, हा पहिल्या कारागिरांपुढचा मोठा पेच होता. त्यांनी तांब्याच्या बारीक तारांचे झुबके कड्यावर टेकवले. ते दिसायला ब्रशासारखेच होते आणि नावही तेच पडले. पण ते कडे खरवडून काढीत. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश प्राध्यापकाने त्यांच्या जागी कार्बनचा तुकडा सुचविला. कार्बन मऊ असतो. तो स्वतः झिजतो आणि तांबे राखतो. आपल्याकडे चंदनाच्या झिजण्याचे कौतुक फार झाले. या काळ्या तुकड्याचे कोणी केले नाही. आमच्या बाजारात मात्र त्याला ब्रश कोणी म्हणत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन "कार्बन द्या" एवढेच म्हणते.

त्या कड्यातील तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये वीज ओलांडू नये म्हणून अभ्रकाचा पापुद्रा घालीत. हा अभ्रक कोठला? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला लागणाऱ्या पत्री अभ्रकाचा फार मोठा वाटा आपल्या कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून, म्हणजे आजच्या झारखंडातून, जात असे. ते पापुद्रे एकमेकांना चिकटविण्यास लाख लागे आणि लाखही छोटा नागपूरच्याच जंगलातली. विलायती शिक्का मारून जे यंत्र मुंबईच्या धक्क्यावर उतरे, त्याच्या पोटात अशी आपल्याच मातीची वस्तू बसलेली असे. शाळेत आम्ही कच्चा माल गेला आणि पक्का माल आला असे शिकवितो. तो धडा समजून घेण्यास जुने ड्रिल एकदा उघडून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर हे हत्यार येथे बनू लागले. भिवंडीपासून फार दूर नसलेल्या मुलुंडला रॅलीवुल्फची ड्रिले तयार होऊ लागली, आणि पुढे 1970 च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्सचा कारखाना उभा राहिला. 1957 मध्ये परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधने आली. बाहेरून सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. मग जे आहे तेच उघडा, घासा, पुन्हा गुंडाळा, यावाचून उपाय उरला नाही. टंचाईने देशाचे नुकसान किती झाले ते अर्थशास्त्र्यांनी सांगावे. कारागिरांची एक पिढी मात्र तिने घडविली.

भिवंडीत तर या पिढीला काम कधी कमी पडलेच नाही. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी येथे हातमाग मांडले. 1930 च्या सुमारास यंत्रमाग आले. त्यांत मुंबईच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले माग पुष्कळ होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, गिरण्या पुरत्या सावरल्या नाहीत, आणि माग व काम दोन्हीही या गावाकडे वळली. 1970 आणि 1984 च्या दंगलींत येथे घरे जळाली, कारखाने जळाले, माणसे गेली. तरी मागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला. भंगाराच्या भावाने घेतलेला ओतीव लोखंडाचा माग चालता करायचा तर धोटा, फणी यांच्याबरोबर चौकटीचीही डागडुजी करावी लागते. जुनी भोके झिजून वाकडी झालेली असतात, नवी पाडावी लागतात. म्हणून मागाच्या दुरुस्तीमागे ड्रिल आले, आणि ड्रिलच्या दुरुस्तीमागे वायंडर आला.

ही दुरुस्ती कारखान्यात होत नाही. ती घराच्या ओट्यावर, पोत्यावर बसून होते. तिचा क्रम अनुभवाने ठरलेला असतो: स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. प्रथम पिन भिंतीतून काढायची. हे विसरणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. मग मुठीपाशी वाकून वाकून तुटलेली वायर पाहायची. मग कार्बन पाहायचे. ते आखूड झाले असतील तर जोडीनेच बदलायचे, आणि कड्यावर बारीक पॉलिश कागद गुंडाळून त्यांचे तोंड कड्याच्या गोलाईला बसवून घ्यायचे. कार्बन नवे असूनही ठिणग्या उडत असतील तर दोष कड्यात असतो. तांबे झिजते, अभ्रक झिजत नाही. तो वर डोके काढतो आणि कार्बनला उडवितो. तेव्हा हॅक्सॉचे पाते घासून पातळ करायचे आणि एकेका फटीतला अभ्रक तांब्याच्या किंचित खाली कोरायचा. येथे एमरी कागद जाणता कारागीर वापरीत नाही, कारण त्याचा कण फटीत बसून नवे दुखणे उत्पन्न करतो. खडखड असेल तर बेअरिंग, आणि काळे घट्ट झालेले ग्रीस असेल तर ते रॉकेलने धुऊन गिअरांना नवे भरायचे.

एवढ्यानेही भागले नाही तर आर्मेचर जळाले असे समजावे. आर्मेचर ग्राउलर नावाच्या चुंबकावर ठेवून वरून पाते फिरवितात; ज्या खाचेवर पाते थरथरते तेथे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. मग जुनी तार उलगडायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी आणि गुंडाळण्याची दिशा लिहून घ्यायची, तितकेच नवे वेढे द्यायचे, वॉर्निश पाजून भट्टीत सुकवायचे. अखेरीस सिरीज बल्बची एक तार वेढ्याला आणि दुसरी बाहेरच्या धातूला लावायची. बल्ब मिणमिणला तरी हत्यार गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे नाही. जुन्या ड्रिलांचे अंग धातूचे असे. तिसरी पिन नसली आणि आत वेढा उघडा पडला, तर ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीवच जाईल. या ओट्यावरच्या परीक्षेला प्रमाणपत्र नसते, पण तिच्यावर एका संसाराचा भार असतो.

आज चित्र पालटले आहे. नवी ड्रिले हलकी आहेत, त्यांची अंगे प्लास्टिकची आहेत, त्यामुळे धक्क्याचे भय पुष्कळ कमी झाले. ही प्रगती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळ स्वस्त यंत्रे अशी येतात की त्यांचे आर्मेचर गुंडाळण्याची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीच्या घरात जाते. साहजिकच गिऱ्हाईक हिशेब करते आणि जुने भंगारात टाकते. यात त्याचा दोष काय? केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. जो हक्क आपल्या सुताराला खळ्यावर न मागता मिळत होता, त्यासाठी आता समित्या बसवाव्या लागतात. मात्र हक्क कायद्याने मिळाला तरी हात कायद्याने मिळत नाहीत. वायंडरचा मुलगा गोदामात नोकरीला लागतो, कारण तेथे महिन्याच्या महिन्याला पगार होतो. त्याला ओट्यावर बस असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तरीही एक गोष्ट आपल्या हातची आहे. प्रत्येक जुन्या वायंडरपाशी एक वही असते. कोणत्या यंत्राला किती वेढे, कोणत्या जाडीची तार, किती खाचा, हे तेलाच्या बोटांनी तीत उतरलेले असते. हे आकडे कोणत्याही छापील पुस्तकात एकत्र मिळायचे नाहीत. कारण ज्या यंत्रांचे ते आहेत, त्यांतले कित्येक कारखाने केव्हाच बंद झाले. आपण बखरी जपल्या, मोडीतील दफ्तरे जपली आणि ते योग्यच केले. भिवंडीच्या यंत्रयुगाचे दफ्तर मात्र या वह्यांत आहे, आणि दुकान बंद झाले की ती वही रद्दीच्या भावाने जाते. गावातील एखाद्या वाचनालयाने, एखाद्या शाळेने मुलांना हाताशी धरून त्या उतरवून घ्याव्यात. वायंडर अजून ओट्यावर बसलेले आहेत, आणि विचारले तर ते सांगतात.